अजिबात रडली नाही

शांती नगरातल्या कुठल्याही रिक्षावाल्याला नुसतं "पाळणाघर" म्हटलं की तो हंसाकाकूंच्या तळमजल्यावरच्या हिरव्या ग्रिलसमोर आणून सोडायचा. सेक्टर, बिल्डिंग, विंग, काही सांगावं लागायचं नाही. मीरा रोडला पाळणाघरं इतरही होती. काहींच्या भिंतींवर ससे आणि फुगे रंगवलेले होते. काकूंच्या भिंतीवर एक कॅलेंडर आणि एक घड्याळ, बस्स. पण लोक भिंती बघायला येत नव्हते, काकूंकडे येत होते.

काकूंचा कान मोठा तिखट. स्वयंपाकघरात वरणाला फोडणी घालता घालता त्या आतल्या खोलीतलं रडणं ऐकून सांगायच्या, "तो भुकेला नाहीये, झोप आलीय त्याला," किंवा "तिचं दुपटं बघ गं, ओलं असेल." उत्तनजवळच्या डोंगरी गावातून बसने कामाला येणारी टेरेझा, जिने काकूंच्या हाताखाली निम्मं आयुष्य काढलं, ती म्हणायची की काकूंना पोरांची भाषा येते. भाषाबिषा काही नव्हती. भुकेचं रडणं थांबून थांबून येतं, झोपेचं रडणं कुरकुरत येतं, आणि कान दुखत असला की मूल एकदम किंचाळतं, श्वास घेतं आणि पुन्हा किंचाळतं. इतकी पोरं मांडीवरून गेल्यावर कुणालाही कळेल, असं काकू सगळ्यांना सांगायच्या. मनातून मात्र आपल्यासारखं कुणालाच कळत नाही, अशी त्यांची पक्की खात्री होती.

पोरांचं असं, तर आयांसाठी काकूंचे दोन कायदे. सकाळी मूल सोडलं की वळून बघायचं नाही; ग्रिलबाहेर पाय पडला की सरळ चालू लागायचं. हा कायदा आयांनी पाळायचा. दुसरा काकूंनी स्वतः पाळायचा. संध्याकाळी तीच बाई धापा टाकत परत यायची आणि चपला काढायच्या आधी विचारायची, "काकू, रडली का हो?" काकू मान जराशी कलती करून, हसून सांगायच्या, "अजिबात रडली नाही."

"हो का? बरं झालं," असं ती बाई म्हणायची, मूल उचलायची, त्याच्या गालाला ओठ लावायची आणि निघून जायची. रोज, प्रत्येक आई, अगदी अशीच.

टेरेझाला हे पटायचं नाही. ती उत्तनच्या बाजूची, मनात एक आणि ओठावर एक तिला जमायचं नाही. "खोटा कशाला बोलता वो काकू? दुपारभर रडली ना ती."

"खरं सांगून काय करू? रात्रभर जागत बसेल बिचारी. आणि उद्या सकाळी परत यायचंच आहे ना तिला?"

"तिला समजत न्हाय असा वाटते तुमाला? पोराचे गालावर मीठ सुकलेला हाय. ओठ लावला का समजते."

"चल, काहीतरीच तुझं," म्हणून काकू हसण्यावारी न्यायच्या आणि बरण्या आवरायला लागायच्या.

एकदा सोसायटीच्या मीटिंगमध्ये पाळणाघर बंद करायचा विषय निघाला. सेक्रेटरी म्हणाले, "काकी, हमने भी पैसा देके फ्लॅट लिया है. दोपहर को आँख लगती है और आपके बच्चे चालू हो जाते हैं." दोघाचौघांनी माना डोलावल्या. काकू पदर खोचून उभ्या राहिल्या. "बच्चे लोग किधर जाएंगे भाई? जिधर माणसं, उधर बच्चे. तुम क्या डायरेक्ट एवढे मोठे पैदा हुए?" सेक्रेटरींची आईच तिथे खुर्चीवर बसली होती. तीच पहिली हसली आणि विषय तिथेच मिटला. नंतर कित्येक वर्षं शांती नगरात हे वाक्य लोक काकूंच्या आवाजात म्हणून दाखवायचे, आणि काकूंना ते आवडायचं.

या बाईला स्वतःला काय हवं होतं, ते मात्र कुणी कधी विचारलं नाही. यजमान अचानक गेले तेव्हा पराग शाळेत होता. लालबागची खोली सोडून मीरा रोडला येऊन जेमतेम वर्ष झालं होतं. काकूंनी हॉलमध्ये दोन पाळणे टांगले, आणि त्या दिवसापासून त्यांची दुपार गेली. त्यांना दुसरं काही नको होतं. साडी नको, सोनं नको, तीर्थयात्रा तर नकोच, तिथेही गर्दीच. दुपारी पाय पसरून डोळे मिटावेत आणि कुणी रडू नये, एवढंच हवं होतं. मुलांना जीव लावणाऱ्या बाईने असं मनात आणणंसुद्धा त्यांना चोरीसारखं वाटायचं, म्हणून त्या ते कुणाजवळ बोलल्या नाहीत. टेरेझाजवळही नाही.

गुडघ्यांनी असहकार पुकारला तेव्हा पाळणाघर बंद झालं. परागचं तोवर लंडनला बस्तान बसलं होतं. त्याची बायको ममता. तिचं माहेर पूनम सागरला, काकूंच्या घरापासून रिक्षाने पाच मिनिटांवर. या दोघांची मुलगी सान्वी अजून दोन वर्षांची व्हायची होती. ममताला पुन्हा नोकरी धरायची होती आणि सान्वीला कुणाच्या तरी हाती सोपवायचं होतं. तिने स्वतःच्या आईला बोलावलं नाही, सासूला बोलावलं. "माझी आई सान्वीचे लाड करेल," ती म्हणाली, "पण आई, तुमच्याकडे सोडून गेले तर मला ऑफिसात काम सुचेल." मग सगळी मंडळी सुट्टीत मीरा रोडला आली आणि परतताना काकूंनाही घेऊन जायचं ठरलं.

सुट्टीतल्या एका दुपारी भाजी निवडता निवडता ममताने विचारलं होतं, "आई, संध्याकाळी सगळ्या आया तुम्हाला विचारत असतील ना, रडला का म्हणून? काय सांगायचात?"

"एकच उत्तर. अजिबात रडली नाही."

"म्हणजे रडायची?"

"रडायचीच गं. पण मूल सोडून गेलेल्या बाईला हे सांगायचं नसतं. तिचं तिला पुरेसं असतं." ममताने हातातली गवार मोडून ताटात टाकली आणि म्हणाली, "किती चांगल्या होतात तुम्ही." काकूंनी नाही म्हटलं नाही.

निघायच्या चार दिवस आधी पराग लॅपटॉप घेऊन जेवणाच्या टेबलाशी बसला. ऑफिसच्या फेऱ्यांमुळे विमान कंपनीकडे त्याचे पॉइंट साठले होते. त्यातून एक तिकीट, फक्त एक, पुढच्या बिझनेस क्लासमध्ये बदलून मिळत होतं. सीटचा चक्क पलंग होतो, तो म्हणाला. सान्वीचं तिकीट मांडीवरचं, त्यामुळे ममता पुढे बसली तर तीही पुढे, नाहीतर दोघी मागे.

"मला बरं पडेल," ममता म्हणाली. "तिला आडवं टाकता येईल. मागे मांडीवर तीही अवघडते आणि मीही."

पराग मान हलवत होता. "लहान मुलांना पुढे नेऊ नये गं. लोकांनी झोपायला म्हणून तिकीट काढलेलं असतं. मूल रडलं की कसे बघतात, मी पाहिलंय ना."

"बघू देत की. सान्वी काय सामान आहे, मागे टाकायला?"

"आई, तू सांग," पराग म्हणाला. "तुझ्याएवढं मुलांतलं कुणाला कळतं?"

काकू तांदूळ धूत होत्या. त्यांनी मागे वळून बघितलं नाही. पलंगाचं ऐकल्यापासून त्यांच्या डोळ्यांसमोर एकच चित्र होतं: पाय पसरलेले, अंगावर पांघरूण, आणि हाक मारणारं कुणी नाही. सोसायटीच्या मीटिंगमधल्या आवाजाएवढ्याच ठाम आवाजात त्या म्हणाल्या, "लहान मुलांचं काय काम तिथे? त्यांना तिथलं काही कळत नाही आणि दुसऱ्यांचीही झोप जाते."

"बरोबर आहे," ममता लगेच म्हणाली. "तुम्हाला जास्त कळतं." तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता, तेच पुढे काकूंना सलत राहिलं. पुढचं ते एक तिकीट काकूंच्या नावावर झालं.

पण खरी गोष्ट घडली ती निघायच्या आदल्या संध्याकाळी. सान्वीला दोन दिवस सर्दी होती. ममताच्या खांद्यावर डोकं ठेवून ती एक कान खांद्याला घासत होती, पुन्हा पुन्हा तोच कान. काकूंनी ते पाहिलं. पाळणाघरातलं मूल असतं तर त्यांनी ताबडतोब आईला फोन लावला असता, डॉक्टरकडे ने म्हणून. ममताच्याही मनात तेच आलं. "आई, हिचा कान तर दुखत नसेल ना?"

कान दुखत असेल तर ते पोर मांडीवर नऊ तास कसं काढेल? आडवं टाकायला हवं, जागा हवी. पराग तिकीट बदलायला अजूनही तयार झाला असता. हे सगळं काकूंच्या डोक्यात एका क्षणात येऊन गेलं आणि तोंडातून निघालं, "छे गं. दात येतायत."

"हो का? मग बरं," म्हणून ममता बॅगा भरायला गेली.

विमान दिवसाचं होतं. दारातच एका हसऱ्या मुलीने काकूंना डावीकडे वळवलं आणि बाकीच्यांना उजवीकडे. सान्वी परागच्या खांद्यावरून "आजी, आजी" करत हात पुढे करत होती. काकूंनी तिला टाटा केला आणि त्या चालू लागल्या. स्वतःचाच कायदा होता, वळून बघायचं नाही.

पुढे सगळं पराग म्हणाला होता तसंच होतं. गरम टॉवेल आला तो काकूंनी गार होईपर्यंत मांडीवरच ठेवला; काय करायचं ते शेजारच्या गृहस्थांकडे बघून कळलं. पिकल्या मिशांचे, टाय सैल केलेले गृहस्थ. माणूस भला होता. सीटचं बटण त्यांनीच काकूंना दाखवलं, "इसको दबाइए माताजी, पूरा लेट जाएगा." विमान उडालं, पट्ट्याचा दिवा विझला, तेव्हा काकूंनी बटण दाबलं आणि सीट हळूहळू त्यांना घेऊन आडवी झाली. भर दिवसा अंगावर दुलई घेऊन त्या पहिल्यांदाच झोपत होत्या. लाजही वाटत होती आणि सुखही. हवाई सुंदरीने मागचा पडदा ओढून घेतला.

विमान अजून वर चढतच होतं तेवढ्यात पडद्यापलीकडून ते आलं. एक किंकाळी, श्वास, आणि पुन्हा किंकाळी.

एवढ्या माणसांत, एवढ्या घरघरीत काकूंना कळायला वेळ लागला नाही. मूल कुणाचं तेही कळलं आणि काय दुखतंय तेही. दात नव्हते. दात नाहीत हे त्यांना काल संध्याकाळीच माहीत होतं. त्या दुलईच्या आत तशाच पडून राहिल्या. थांबेल, त्यांनी स्वतःला सांगितलं. वर गेलं की थांबेल. मध्ये थोडं थांबलंही. जेवण आलं, काचेच्या ग्लासात सरबत आलं, आणि पुन्हा सुरू झालं.

गृहस्थांनी पेपर खाली ठेवला. "देखिए, पर्दा लगाके भी आवाज यहाँ तक आती है. छोटे बच्चों वालों को तो अलग ही बिठाना चाहिए. आपको भी तकलीफ हो रही होगी."

जिधर माणसं, उधर बच्चे. वाक्य जिभेवर तयार होतं, सगळ्या शांती नगराला पाठ असलेलं. गृहस्थ सहानुभूतीने बघत होते, आणि एकदा का ती माझी नात आहे असं म्हटलं, की उठून जावं लागलं असतं.

"हां ना," काकू म्हणाल्या. आणि कुणी विचारलं नव्हतं तरी पुढे म्हणाल्या, "किसका है, पता नहीं."

 त्यांनी ग्लास बाजूला ठेवला, दुलई हनुवटीपर्यंत ओढली आणि डोळे मिटले.

थोड्या वेळाने पडदा सरकल्याचा आवाज झाला. रडणं एकदम जवळ आलं, आणि त्याच्यावरून ममताचा आवाज, थकून बारीक झालेला. "मेरी सास बैठी हैं उधर. बस दो मिनिट. बच्ची उनके पास चुप हो जाती है."

"मॅम, बच्चे को इधर नहीं ला सकते. रुकिए, मैं उनको देखती हूँ."

झोपेचं सोंग घेतलेली पोरं काकू बरोबर ओळखायच्या. सोंगात पापण्या थरथरतात. आपल्याही थरथरत असणार हे ओळखून त्यांनी झोपेत वळावं तसं कूस बदलून तोंड खिडकीकडे केलं आणि श्वास लांब केला. पावलं आली, थांबली, परत गेली.

"वो सो रही हैं, मॅम. उठाऊं?"

"नहीं नहीं," ममता म्हणाली. "सोने दो. बहुत साल सोयी नहीं हैं वो."

पडदा पुन्हा ओढला गेला.

काकूंना कुणी तोंडात मारली असती तरी चाललं असतं. ही गोष्ट त्यांनी कुणाला, कधी सांगितली नव्हती. ममताला ती न सांगता कळली होती, आणि ती कळूनही तिने रडणारं पोर कडेवर घेऊन परत मागे जायचं ठरवलं होतं. उठावं, काकूंनी मनाशी म्हटलं. आत्ता उठावं. पण लगेच उठलं तर जागं होतं हे कळणार, म्हणून थोडं थांबावं असं ठरलं. थोडं थांबल्यावर वाटलं, मग इतका वेळ का नाही उठलात, हा प्रश्न येणार. जसजसा वेळ गेला तसतसं उठणं अवघड होत गेलं. आयुष्यभर जिची वाट बघितली ती दुपार त्यांना मिळाली होती, आणि त्यातला एक क्षणही डोळा लागला नाही. गळ्यापर्यंत दुलई घेऊन, खिडकीकडे तोंड करून, त्या जागच्या जागी रडणं ऐकत राहिल्या. कधी ते दमून कुरकुरीवर यायचं. कधी बराच वेळ काहीच यायचं नाही, आणि ते तर अजूनच भयंकर वाटायचं.

विमान उतरायला लागलं तेव्हा सान्वी जे किंचाळली, ते ऐकून शेजारच्या गृहस्थांनीही या वेळी तक्रार केली नाही. ते एवढंच म्हणाले, "बेचारी को बहुत दर्द हो रहा है शायद." एवढं त्यांनाही कळलं.

काकू आधी बाहेर पडल्या. पुढच्यांना आधी सोडतात. त्या सामानाच्या पट्ट्याजवळ जाऊन उभ्या राहिल्या, केस नीट, साडीला सुरकुती नाही. बऱ्याच वेळाने ती तिघं दिसली. परागच्या दोन्ही खांद्यांना बॅगा होत्या. ममताच्या कुर्त्यावर खांद्यापासून खाली उलटीचा वाळलेला डाग, केस सुटलेले, डोळे सुजलेले. सान्वी तिच्या खांद्यावर झोपली होती. झोपेतही तिचा एक हात कानावर होता.

"झोप झाली ना आई?" परागने विचारलं. काकूंनी मान हलवली. हलवली खरी, पण हो की नाही हे त्यांचं त्यांनाही कळलं नाही.

मी जागी होते, हे वाक्य त्यांच्या ओठांपर्यंत आलं. कान दुखतोय हे मला कालपासून ठाऊक होतं, हेही त्यामागोमाग आलं. पण ममताकडे बघून ती दोन्ही वाक्यं त्यांनी गिळली. ते सांगून मोकळ्या त्या झाल्या असत्या, आणि त्यांची समजूत काढत बसायचं काम पुन्हा या दमलेल्या पोरीवर पडलं असतं. मग त्यांच्या तोंडून निघाला तो प्रश्न वेगळाच होता. चपला काढायच्या आधी विचारतात तो.

"रडली का गं फार?"

ममताने त्यांच्याकडे बघितलं. थोडा वेळ बघितलं. मग मान जराशी कलती केली आणि ती हसली.

"नाही आई. अजिबात रडली नाही."

काकूंनी हात पुढे केले. ममताने सान्वीला अलगद त्यांच्याकडे दिलं, कानाला धक्का लागू नये अशा बेताने. अंग चांगलंच तापलेलं होतं. काकूंनी तिच्या गालाला ओठ लावले. गाल खारट होता.

ग्रिलशी येऊन उभ्या राहणाऱ्या त्या सगळ्या जणी त्यांना आठवल्या. रोज संध्याकाळी, एकूण एक जणीला, सगळं कळत होतं.

"हो का?" काकू म्हणाल्या. "बरं झालं."